घरच्या खताची बादली या रविवारी सुरू करायचीय, सगळ्यांनी वाचा

नमस्कार मंडळी, रविवारी सकाळी 9 वाजता गच्चीवर जमायचंय, ज्यांना ओल्या कचऱ्याचं खत पहिल्यांदाच करायचंय त्यांनी नक्की या. येताना 20 लिटरची झाकणवाली जुनी बादली आणा (रंगाची रिकामी असेल तरी चालेल, फक्त स्वच्छ घासून), खाली आणि बाजूला भोकं आपण तिथेच पाडू.

कोरडी पानं आत्ताच गोळा करून ठेवा, पाऊस सुरू झाला की मिळत नाहीत आणि सगळा खेळ त्यांच्यावरच आहे. एक वाटी भाजीची देठं-सालं टाकली की वर दोन वाट्या पानांचा चुरा, असंच रोज. वास आला किंवा पांढऱ्या अळ्या दिसल्या तर घाबरून फेकून देऊ नका प्लीज, ओल जास्त झालीय एवढंच, पानं वाढवा आणि हलवून घ्या. मूठभर घेऊन दाबून बघा, हात ओलसर झाला पाहिजे पण पाणी गळता कामा नये. विरजण म्हणून आंबट ताक किंवा मूठभर जुनं शेणखत पुरतं, महागडी पावडर लागत नाही.

मटण-मासे, तेलकट उरलंसुरलं नको. नारळाची शेंडी, आंब्याची कोय लवकर कुजत नाही, वेगळी ठेवा.

बादली भरल्यावर दीड-दोन महिने लागतात, काळंभोर भुसभुशीत झालं आणि पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास आला की तयार. मग कुंडीत मातीत मिसळून घाला.

येणाऱ्यांनी शनिवार संध्याकाळपर्यंत इथेच नाव टाका, म्हणजे ताक तेवढं आणता येईल.