पाणी नळाला तपासा, टाकीत नाही

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मी न्यू जर्सीत राहते पण तुमचा पेपर रोज सकाळी मोबाइलवर वाचते. पाण्याची बातमी असली की आधी ती उघडते, आणि दर वेळी त्यात एक वाक्य असतंच, शुद्धीकरण केंद्रातले नमुने पिण्यायोग्य आढळले. त्या वाक्याबद्दलच लिहायचंय.

2024 च्या नोव्हेंबरात आमच्याकडे पाणी कंपनीचं पत्र आलं, त्यात लिहिलं होतं, तुमच्या घरात येणारा पाइप कशाचा आहे याची आमच्याकडे नोंद नाही, तो शिशाचा असू शकतो. घर 1950 च्या आसपासचं, आम्ही घेतलं तेव्हा छत बघितलं, शाळा बघितली, पाइप कोण बघतं? नवरा बेसमेंटमध्ये गेला, मीटरजवळ लोहचुंबक लावून बघितला, तो पटकन चिकटला. शिशाला चुंबक चिकटत नाही म्हणजे हा आपला साधा जीआय पाइप, जस्ताचा थर दिलेला लोखंडी, सुटलो असं वाटलं. मग रात्री वाचत बसले तर कळलं की न्यू जर्सीच्या 2021 च्या कायद्यात जीआय पाइपसुद्धा शिशाच्याच पाइपात धरलाय आणि दोन्ही 2031 पर्यंत काढायचेत. कारण जीआयच्या आतल्या गंजात वर्षानुवर्षं शिसं धरून बसतं आणि कधी सुटून पाण्यात येईल सांगता येत नाही, शिवाय जुन्या जस्ताच्या थरातही थोडं शिसं असायचंच.

त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्या बाळंतपणाला आई नाशिकहून आली होती, सहा महिने राहिली. इथे सिंकला गरम पाणी थेट नळाला येतं त्याचं तिला फार कौतुक, मुलीचं पावडरचं दूध, नंतर नाचणीची पेज, सगळं त्या गरम पाण्यात, लवकर होतं म्हणून. गरम पाण्यात शिसं जास्त उतरतं, त्यामुळे स्वयंपाकाला नेहमी गार नळाचंच पाणी घ्यायचं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि मला तरी कुठे माहीत होतं. उकळलं की झालं ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, जंतूंसाठी ती बरोबरच आहे, पण शिसं उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. रंग नाही, वास नाही, चव नाही.

इथे मुलांची एक वर्षाला आणि दोन वर्षांना रक्तातल्या शिशाची टेस्ट करावीच लागते. पहिली नॉर्मल आली होती तेव्हा मी तो कागद नीट वाचलाही नव्हता. दुसरीच्या रिपोर्टची वाट बघताना मात्र जीव थाऱ्यावर नव्हता. डेसिलिटरभर रक्तात 3.5 मायक्रोग्रॅमच्या खाली आला, देवाची कृपा. पण डॉक्टर म्हणाल्या ते डोक्यातून जात नाही, लहान मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही.

आमच्यापासून जवळच नेवार्क शहर आहे. 2017 पासून तिथल्या नळांना शिसं जास्त सापडत होतं, तरी शहर म्हणत राहिलं पाणी सुरक्षित आहे. केंद्रातून निघणारं पाणी खरंच चांगलं होतं हो, पण पाइप आतून झिजू नये म्हणून त्यात जे रसायन घालतात ते काम करेनासं झालं होतं, त्यामुळे रस्त्यापासून घरापर्यंतच्या पाइपमधून शिसं सुटत होतं. 2018 मध्ये तिथले शिक्षक कोर्टात गेले, 2019 च्या ऑगस्टमध्ये लोक बाटल्यांसाठी रांगा लावून उभे. मग मात्र शहराने कर्ज काढलं, घरमालकाकडून पैसे न घेता आणि गरज पडली तर त्याच्या परवानगीची वाट न बघता तीनेक वर्षांत 23 हजारांच्या आसपास पाइप बदलले. म्हणजे मनात आणलं तर होतं.

अजून एक, अमेरिकेतली शिशाची 15 पीपीबीची, म्हणजे अब्ज भाग पाण्यात 15 भागांची, जी मर्यादा सगळे सांगतात ती तुमच्या घराची नाहीच, तपासलेल्या घरांपैकी नव्वद टक्के त्याच्या खाली असली की शहर पास. उरलेल्या दहा टक्क्यांत तुमचं घर असेल तर तुमचं तुम्ही बघा.

आता आपल्याकडचं. आपल्या भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) मानकात शिशाची मर्यादा 0.01 मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे, म्हणजे 10 पीपीबी, कागदावर कडकच आहे. प्लॅस्टिकच्या पीव्हीसी पाइपमधल्या शिशावर केंद्र सरकारने नियम आणले ते 2021 मध्ये, त्याआधी भिंतीत गेलेले पाइप भिंतीतच आहेत. आईच्या बिल्डिंगमध्ये सगळं जुनं जीआय. मी सेक्रेटरींना फोन केला तर ते म्हणाले ताई टाकीचं पाणी दरवर्षी तपासतो आणि टीडीएस पण चांगला येतो. काका, टीडीएसच्या मीटरला शिसं कळत नाही! तो मीटर पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून आकडा दाखवतो, लिटरला शंभर-दोनशे मिलिग्रॅम, त्यात 0.01 कुठे दिसणार? आरओ विकायला येणारा माणूस तोच मीटर दाखवून जातो आणि आपण निश्चिंत.

माझी विनंती एवढीच आहे की तुमच्या वार्ताहरांनी पालिकेला विचारावं, शिशाची तपासणी नळाला करता का, सकाळी पाणी वापरायच्या आधीचा पहिला नमुना घेता का, आणि शहरात कुठल्या इमारतीला कशाचा पाइप आहे याची काही यादी आहे का. उत्तर येईल ते छापा. नाशिकमध्ये एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली लॅब बघून आईच्या नळाचा नमुना द्यायला मी भावाला सांगितलंय, रिपोर्ट आला की तुम्हाला पाठवते.

आमचा पाइप अजून बदललेला नाही, नंबर लागायचाय. तोवर शिशासाठी प्रमाणित केलेला फिल्टर लावलाय, आणि आईने फोनवर पहिलं विचारलं ते हेच, की मी दिलेल्या पेजेमुळे तर काही झालं नाही ना गं.

आपली एक वाचक,
न्यू जर्सी