५३ फुटांचा ट्रेलर मागे घेताना

फ्रेस्नो, कॅलिफोर्निया
रविवार रात्र

प्रिय आप्पा,

परवा लायसन हातात पडलं. क्लास ए, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या मोठ्या ट्रकचं. फोनवर तुला एवढंच सांगता आलं, कारण तिकडं लाईट आली होती आणि तुला मोटर चालू करायला पळायचं होतं. पण हे तुला सविस्तर सांगायचंच होतं. या परीक्षेत माझं सगळं अडलं होतं ते गाडी मागे घेण्यापाशी, आणि ते काम मी पहिल्यांदा बघितलं ते तुझ्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून.

आठवतंय का, दहावीच्या वर्षी नदीकाठच्या फडात ओल होती? ट्रॉली फिरवायला आत जागा नव्हती, म्हणून बांधावरनं उलटी घालायला लागायची. तू मान पूर्ण मागं वळवायचास, एक हात स्टिअरिंगवर, आणि बैलाशी बोलावं तसा ट्रॉलीशी बोलायचास. मला म्हणाला होतास, "शेपूट डावीकडं न्यायचंय ना, मग स्टिअरिंग उजवीकडं." माझ्या हातात ट्रॅक्टर दिलास आणि दुसऱ्याच क्षणाला ट्रॉली काटकोनात अडकली. तोडकरी फडातनं वर बघायला लागले, पण तू रागावला नाहीस. "पुढं घे, सरळ कर, परत," एवढंच म्हणालास. मी ते विसरलेलो नाही.

इथं सात वर्षं दुकानाच्या गल्ल्यावर उभा राहिलो. आता ट्रक शिकायचा असं ठरवलं. नियम कडक आहेत. आधी लेखी परीक्षा देऊन शिकाऊ परवाना काढायचा, तो हातात आल्यावर निदान १४ दिवस थांबल्याशिवाय गाडीची परीक्षा देता येत नाही. फेब्रुवारी २०२२ पासून नियम असा, की नोंदणी झालेल्या शाळेतच शिकावं लागतं. परीक्षेचे तीन भाग. आधी गाडीची तपासणी, मग मोकळ्या आवारात गाडीवरचा ताबा, शेवटी रस्ता. तपासणीत प्रत्येक भागाला हात लावून तो काय करतो ते बोलून दाखवायचं. इंजिन बंद करून ब्रेक एक मिनिट दाबून धरायचा आणि ब्रेकमधल्या हवेचा दाब ४ पीएसआयपेक्षा जास्त उतरत नाही हे दाखवायचं. ते सगळं पाठ करता आलं. मागे घेणं पाठ करून येत नाही.

गाडी कशी असते ते सांगतो. पुढं ट्रॅक्टर, म्हणजे ट्रकचं नुसतं डोकं. त्याच्या पाठीवर ग्रीस लावलेली मोठी लोखंडी थाळी, तिला फिफ्थ व्हील म्हणतात. ट्रेलरच्या पोटाखालची किंगपिन त्या थाळीत जाऊन अडकते. तुझ्या हुकाचंच काम, फक्त इथं ट्रेलरचं अर्धं वजन डोक्याच्या पाठीवर येतं. ट्रेलर ५३ फुटांचा. त्याची मागची चाकं सरकवता येतात, पण कॅलिफोर्नियात किंगपिनपासून शेवटच्या एक्सलपर्यंतचं अंतर ४० फुटांच्या वर जाऊ द्यायचं नाही. चाकं पुढं सरकवली की ट्रेलर लवकर वळतो आणि शेपूट जास्त बाहेर झुलतं. चाकं कुठं आहेत हे बघितल्याशिवाय गाडी मागं घ्यायला सुरुवातच करू नये.

मला वाटलं होतं, स्टिअरिंग उलटं फिरवायचं हे आपल्याला माहीत आहे, आपण इतरांच्या पुढं असणार. पहिल्या दिवशी तसं झालंही. पुढं मात्र तेच नडलं. तुझी ट्रॉली आखूड. ती स्टिअरिंगला ताबडतोब जबाब देते आणि तितक्याच झटक्यात अडकते. हा लांब ट्रेलर उशिरा जबाब देतो. स्टिअरिंग फिरवलं तरी काही होत नाही, म्हणून मी आणखी फिरवायचो, आणि तोवर पहिल्या फिरवण्याचा जबाब यायला लागलेला असायचा. दोन्ही एकत्र आले की डोकं आणि ट्रेलर चिमट्यासारखे मिटायला लागायचे. आठ दिवस हेच चाललं होतं. माझ्या हाताला सवय ट्रॉलीच्या घाईची होती.

शिकवणारे एक सरदारजी होते. फ्रेस्नोच्या आसपास ट्रकच्या धंद्यात पंजाबी माणसं भरपूर आहेत. एकच शब्द म्हणायचे, "हौली, हौली," म्हणजे सावकाश. त्यांनी मला पाय ॲक्सिलरेटरवरनं काढायला लावला, गाडी नुसत्या इंजिनाच्या जोरावर सरकू द्यायची. मग हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला ठेवायला सांगितला, घड्याळात सहा असतात तिथं. तिथं धरलं की हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला शेपूट जातं, उलटसुलट विचार करावा लागत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ट्रेलर वळायला लागला की आपण वळवणं थांबवायचं आणि स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला फिरवून डोकं ट्रेलरच्या मागोमाग न्यायचं. वळवणं दोन सेकंदांचं काम, खरं काम त्यानंतरचं. तू हेच करायचास, आप्पा. तुझ्या हातात ते इतकं मुरलेलं होतं की तुला सांगायची गरज वाटली नाही आणि मला दिसलं नाही.

आणखी एक फरक आहे. तुला ट्रॅक्टरवर बसून मागचं चाक डोळ्यानं दिसतं. इथं पाठीमागं बंद केबिन, जे काही दिसतं ते आरशात. डावीकडं मागं घेताना ट्रेलर डावीकडं मुडपला की उजव्या आरशात काहीच उरत नाही. उजवा मागचा कोपरा कुठं आहे हे देवाला ठाऊक. म्हणून परीक्षेत खाली उतरून बघायची मुभा असते, सरळ मागं घेताना एकदा, बाकी प्रकारांत दोनदा. उतरायचं ते न्यूट्रल टाकून, पार्किंग ब्रेक ओढून, गाडीकडं तोंड करून, हातापायांपैकी तीन कायम गाडीला टेकलेले ठेवून.

पहिल्या परीक्षेत मी उतरलो नाही. सरळ १०० फूट व्यवस्थित गेलो. मग रस्त्यावर ठेवतात तसल्या प्लास्टिकच्या कोनांनी आखलेल्या गल्लीत ट्रेलर घालायचा होता. डाव्या आरशात चाक रेषेला अगदी लागून येत होतं, मी तेवढ्यावर भरवसा ठेवला, आणि उजव्या कोपऱ्यानं रेषा ओलांडून केशरी कोन पाडला. आधीच कितीदा तरी पुढं घेऊन सरळ केलं होतं, त्याचेही गुण गेलेले. तिथंच नापास झालो. त्या रात्री जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, उतरायला काय पैसे पडत होते? बरोबर होतं तिचं. खऱ्या गोदामात त्या कोनाच्या जागी माणूस उभा असतो.

दुसऱ्या वेळी अर्ध्यात थांबलो, ब्रेक लावले, हवा फुस्स करून सुटली, आणि खाली उतरून मागं चालत गेलो. उन्हात डांबर मऊ झालं होतं. उजवा कोपरा कोनापासून हातभर लांब होता, मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच जवळ. तिथं उभा राहून मी पुढच्या दोन हालचाली मनात ठरवल्या. वर चढलो, एकदा पुढं घेतली, सरळ केली आणि मग परत मागं. गाडी गल्लीत जाऊन उभी राहिली तेव्हा हात थरथरत होते, आणि मला तुझा बांध आठवला.

सोमवारपासून बदामाच्या फेऱ्या आहेत. इथं सध्या झाडं हलवून बदाम पाडायचा हंगाम चालू आहे, तुझ्या गळितासारखीच रात्रंदिवस धावपळ.

एक काम कर. कारखाना सुरू झाला की थोरल्याच्या हातात मोबाईल दे आणि ट्रॉली फडात उलटी घालताना तुझा व्हिडिओ काढून पाठव. चेहरा नको, ट्रॅक्टरची पुढची चाकं दिसू देत. तू ती नेमकी कधी परत फिरवतोस ते मला बघायचंय.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच