एक चप्पल गॅलरीत

सदाशिव पेठ, पुणे
१४ नोव्हेंबर

प्रिय दिल्या,

सप्रेम नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू दोन मिनिटांत मला हसवतोस आणि विषय कडेला पडतो. पत्राला मधेच तोडता येत नाही, म्हणून हा कागद.

गणपतीत तू आला होतास तेव्हाची ती रात्र आठव. मंडईचा गणपती बघून लक्ष्मी रोडच्या गर्दीतून आपण घरी आलो. जिन्यापाशी सुलभाने विचारलं, "भावोजी, तुमची एक चप्पल कुठाय?" तू खाली बघितलंस. एक पाय अनवाणी. कुठे निसटली, किती वेळ तसाच चाललास, तुला काही सांगता येईना. "पुण्यात आलं की माणूस निम्मा अनवाणीच परत जातो," असं म्हणालास आणि आपण पोट धरधरून हसलो. गेल्या मंगळवारपासून मात्र ती चप्पल माझ्या डोक्यातून जात नाहीये.

झालंय असं. माझी भाची मुग्धा जूनपासून आमच्याकडे राहते, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. पाठांतराची तिची तऱ्हा अशी, की पुस्तक मामाच्या हातात द्यायचं, आपण मेथी निवडत बसायचं आणि घडाघडा म्हणून दाखवायचं. अडली की मामाने सांगायचं. अप्पा बळवंत चौकातून तिने दोन तक्ते आणले, एक ग्रंथींचा आणि एक मज्जासंस्थेचा. भिंतीला दुसरीकडे जागा नाही म्हणून ते जेवणाच्या टेबलासमोर लागलेत. दोन महिने आम्ही एका सोललेल्या माणसाकडे बघत वरणभात खातोय. सुलभाने त्याचं नाव बंडोपंत ठेवलंय. आमचं विज्ञान दहावीलाच सुटलं, पुढचा जन्म बँकेत गेला. पण रोज रात्री बंडोपंत समोर असल्यावर थोडं तरी डोक्यात शिरतंच.

शरीराचा कारभार दोन खाती बघतात. मज्जासंस्था म्हणजे मेंदू, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आणि त्यांतून निघून थेट नखापर्यंत गेलेले तंतू. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या, मज्जारज्जूतून निघणाऱ्यांच्या एकतीस. इथला निरोप ठरलेल्या वाटेने ठरलेल्या ठिकाणीच जातो, आणि जाड वेष्टनाच्या तंतूंमधून तो सेकंदाला शंभर मीटरच्याही वर धावतो. दुसरं खातं ग्रंथींचं. त्या आपला रस, म्हणजे संप्रेरक, सरळ रक्तात सोडतात. ते रक्ताबरोबर सगळीकडे फिरतं. मग ठरावीक अवयवावरच परिणाम का होतो, असं मी मुग्धाला विचारलं. ती म्हणाली, "मामा, खडकवासल्याचं पाणी सगळ्या पेठांमधून फिरतं. पण हंडा कुणाचा भरतो? ज्याच्याकडे नळ आहे त्याचा." पोरगी पास होणार.

ही दोन खाती एकमेकांना भेटतात ती मेंदूच्या तळाशी. तिथे कवटीच्या हाडात एक खळगा आहे, त्याला तुर्की खोगीर म्हणतात. त्यात हरभऱ्याएवढी, जेमतेम अर्ध्या ग्रॅमची पीयूषिका ग्रंथी बसलेली असते. तिचा पुढचा भाग खरी ग्रंथी, मागचा भाग म्हणजे मेंदूतूनच खाली उतरलेले तंतू. मुग्धा दर वेळी म्हणते की ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक मागच्या भागात तयार होतं, आणि दर वेळी मी तिला पकडतो. तयार होतं वरती, मेंदूत. हे नुसतं गोदाम.

आता सुलभाचं. तिला थायरॉईड निघाला हे तुला माहीत आहे, पण निघण्याआधीची दोन वर्षं तुला माहीत नाहीत. एप्रिलमध्ये, अख्खं पुणं भाजत असताना, ही शाल घेऊन बसायची. पोट साफ नाही, आवाज घोगरा, न्हाणीघरातल्या जाळीत केसांचे पुंजके. कुकर लावायला अर्धा तास. मी काय म्हणायचो? "तू फार आळशी झाली आहेस." घरात हाच शब्द रूढ झाला होता, मुलगाही म्हणायला लागला होता. शेवटी दुसऱ्याच कशासाठी रक्त तपासलं, त्यात टीएसएच साठाच्या वर. त्यावर मी शहाण्यासारखं विचारलं, "म्हणजे थायरॉईड वाढलाय ना?" उलटं असतं रे. टीएसएच ही पीयूषिकेने गळ्यातल्या ग्रंथीला मारलेली हाक. ग्रंथी काम करेनाशी झाली की हाकेचा आवाज चढत जातो. आकडा मोठा म्हणजे ग्रंथी थकलेली. हिच्या बाबतीत तिच्या शरीराचीच रोगाशी लढणारी फौज त्या ग्रंथीवर उलटली होती. १९१२ साली हाशिमोतो नावाच्या जपानी सर्जनने हा प्रकार पहिल्यांदा लिहून ठेवला, म्हणून आजाराला त्याचं नाव.

गोळी सुरू झाली. रोज पहाटे उपाशीपोटी, पाण्याबरोबर, आणि चहा त्यानंतर किमान अर्ध्या तासाने. त्या अर्ध्या तासात आमच्या घरात कुणी तिच्याशी बोलत नाही. कॅल्शियमची गोळी रात्री, कारण दोन्ही जवळजवळ घेतल्या तर थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं, मात्रा वाढवली, आणि दिवाळीपर्यंत माझी बायको मला परत मिळाली. चिडकीसुद्धा परत मिळाली, ते असो.

अण्णांचं लिहिणं जड जातंय.

तुला माझे वडील आठवतात ते सारसबागेत पोरांना मागे टाकून चालणारे. त्यांचा उजवा खांदा आखडला तिथून सगळं सुरू झालं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी वर्षभर खांद्याचेच उपचार केले, शेक, व्यायाम, गोळ्या. त्यांनाही काय बोलू? मी तर घरात होतो. अण्णांचा उजवा हात चालताना हलेनासा झाला होता, नुसता बाजूला लटकायचा. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. फोडणी करपून घरभर धूर झाला तरी त्यांना वास यायचा नाही. ते गेल्यावर त्यांच्या दुधाच्या हिशेबाच्या वह्या मी काढल्या. २०१४ची वही बघ, टपोरं अक्षर. २०१६ला ओळ सुरू होते मोठी आणि शेवटाला मुंगीएवढी होते. २०१७चं भिंग लावून वाचावं लागतं. आजार त्या वह्यांमध्ये महिन्यावार लिहिलेला होता, आणि वही तर मीच दर महिन्याला तपासून दूधवाल्याचे पैसे देत होतो.

मी त्यांना म्हणायचो, "अण्णा, पाय उचलून चाला. घासत चालू नका." चारचौघांत म्हणायचो. ते न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी येऊन थबकायचे, पाऊल पुढे पडायचंच नाही, आणि मी मागून म्हणायचो, "हट्ट कशाला करताय?"

मेंदूच्या खोडात वरच्या अंगाला एक काळसर पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन तयार करतात, आणि हालचाल सुरू करणं, ती सुरळीत ठेवणं त्या डोपामिनवर चालतं. अण्णांना झालेला तो पार्किन्सन. त्यात त्या पेशी मरत जातात, पट्टा फिका पडतो. हात थरथरायला लागून आपल्या लक्षात येईपर्यंत त्यांतल्या निम्म्याच्या आसपास किंवा जास्तही गेलेल्या असतात. जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं ते सहा माणसांवरून, आणि त्यांतली काही त्याने लंडनच्या रस्त्यात नुसती पाहिली होती. रस्त्यातल्या अनोळखी माणसाच्या चालीवरून त्याला जे दिसलं, ते मला माझ्या घरात तीन वर्षं दिसलं नाही.

डोपामिन तोंडाने देऊन मेंदूत पोचत नाही, म्हणून लेव्होडोपा देतात, त्याचं मेंदूत गेल्यावर डोपामिन होतं. गंमत बघ, शाळेत आपण मास्तरांच्या खुर्चीवर जी खाजकुयली टाकायचो ना, तिच्या बियांत हेच लेव्होडोपा असतं. आयुर्वेदात कंपवातावर, म्हणजे अशाच थरथरीच्या आजारावर, ती वापरतात. (तुझ्या ओळखीत कुणी असेल तर त्याला हे सांगू नकोस, लगेच बिया कुटायला बसेल. मात्रा डॉक्टरच ठरवतात.) गोळ्यांनी अण्णांना पाचेक वर्षं बरी गेली. पण मला लक्षात राहिलंय ते फिजिओथेरपीच्या मुलीने केलेलं. तिने न्हाणीघराच्या वाटेवर फरशीला आडव्या पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या, वायरमन वापरतात त्या टेपच्या. म्हणाली, आजोबा, रेघ ओलांडा. आणि अण्णांनी टाकलं पाऊल! एक रेघ, दुसरी रेघ, उंबरा पार. आतून हुकूम सुटत नव्हता, पण डोळ्यांना रेघ दिसली की पाय उचलायचा. मी तिथेच खाली बसलो. पट्ट्या अजून काढल्या नाहीत. मुग्धा त्यांवरून लंगडी घालते.

तर सुलभाचा आळस, अण्णांचा हट्ट, आणि आता तुझा विसरभोळेपणा. मंगळवारी मुग्धा मधुमेहाने, म्हणजे तुझ्याच आजाराने, नसांचं काय होतं ते म्हणत होती आणि मी पुस्तक खाली ठेवलं. त्यात चक्क लिहिलंय, पायातली चप्पल निसटली तरी रुग्णाला कळत नाही.

कंबरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जो तंतू जातो तो जवळपास एक मीटर लांब असतो, आणि त्या सगळ्या लांबीला पोसणारी पेशी असते वर, कण्याजवळ. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की तंतूही बिघडतो आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्याही. सगळ्यांत लांबचा पुरवठा आधी तुटतो. म्हणून सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून. मुंग्या, रात्रीची जळजळ, कापसावर चालल्यासारखं वाटणं, मग मोजा घातल्यासारखं वर वर चढत जातं. पिंढरी ओलांडून गुडघ्यापाशी आलं की हाताची बोटं सुरू.

तू मागच्या वर्षी तळपायांच्या जळजळीने रात्री झोप नाही म्हणत होतास. गणपतीत म्हणालास, "आता जळजळ थांबली, बरं चाललंय." दिल्या, तेच मला बरं वाटत नाहीये. साखर आटोक्यात न येता जळजळ थांबली, तर दुखणं कळवणारा तंतूच गेला असं असू शकतं. आणि तू रोज पहाटे प्रीतिसंगमावर अनवाणी फिरतोस. काच रुतली, फोड आला, तरी तुला कोण सांगणार? वरून चक्कर. उभा राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणालास ना, रक्तदाब सांभाळणाऱ्या नसाही याच आजारात बिघडतात. साखर एकदम उतरली की घाम, धडधड होते ती मूत्रपिंडाच्या डोक्यावरच्या ग्रंथीतून सुटलेल्या ॲड्रेनलिनमुळे. जुन्या मधुमेहात ती सूचनाही पुसट होते.

आता तुझं ठरलेलं उत्तर येईल, "मी काडीपैलवान, माझी शुगर साधी." ऐक. आमच्या इथे केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा तंतोतंत सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपण असे, बाहेरून बारीक आणि आतून लठ्ठ. काडीपैलवानकीचं सर्टिफिकेट फाडून टाक.

आज बालदिन, आणि मुग्धा म्हणते मधुमेह दिनही, कारण बँटिंगचा जन्म १८९१ मध्ये आजच्याच तारखेचा. त्याने आणि बेस्टने १९२१ मध्ये इन्सुलिन वेगळं काढलं, आणि जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत मरणाला टेकलेल्या चौदा वर्षांच्या पोराला ते पहिल्यांदा टोचलं. तो त्यानंतर तेरा वर्षं जगला. तुझ्याकडे तर गोळी आहे, औषधाचं दुकान समोर आहे, आणि तरी तू तीन महिन्यांची शुगर बघून दोन वर्षं झाली.

पुढच्या शनिवारी ये. कऱ्हाडहून सकाळच्या एसटीने निघालास तर जेवायला पोचशील, तपासणी संध्याकाळी. मी वेळ घेऊन ठेवतोय, विचारत नाहीये. फार काही करत नाहीत, तळव्याला नायलॉनचा धागा टेकवतात, दहा ग्रॅमच्या दाबाला तो वाकतो, तू डोळे मिटून कळलं की सांगायचं. अंगठ्यावर नादकाटा ठेवून कंप समजतो का बघतात. रक्तात बी-१२ सांगायचं, तू शाकाहारी आहेस आणि आठ वर्षं मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेतोयस, दोन्हींनी ते उतरतं आणि ते उतरलं तरी पाय असेच बधिर होतात. तसं निघालं तर बरंच, ते भरून काढता येतं. तोवर अनवाणी फिरणं बंद, आणि रात्री झोपताना तळवे शैलावहिनींना बघायला सांग. त्यांना हे पत्र वाचायला दे, तू देणार नाहीस म्हणून त्यांना वेगळा फोन केलाय.

एक गोष्ट डॉक्टर विचारतील, दोन्ही पायांना आहे की एकाच. एकाच पायाला असेल तर भानगड वेगळी, कंबरेत शीर दबलेली असू शकते. तुझी कोणती निसटली होती ते मला आठवेना, म्हणून आत्ता गॅलरीत जाऊन आलो. सुलभाने जपून ठेवलीय. डावी शिल्लक आहे, म्हणजे गेली ती उजवी. डाव्या तळव्यावर आज रात्री कापूस फिरवून बघ, आणि काय कळतंय ते मला उद्या सकाळी सातनंतर सांग. सातच्या आधी नको, गोळीची वेळ असते.

तुझा,
बाळ्या