शेपशीट उघडून दाखवलीत, त्याबद्दल

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

तुम्ही व्हिजिओत (आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) शिकवलेल्या पद्धतीने आखलेलं पहिलं विजेचं पॅनल गेल्या शनिवारी आमच्या भोसरीच्या शेडमधून रवाना झालं. माउंटिंग प्लेटला (उपकरणं बसवायच्या आतल्या पत्र्याला) एकही भोक दुसऱ्यांदा पाडावं लागलं नाही. फोनवर आभार नीट मानता आले नाहीत, म्हणून हे पत्र. उघडच लिहितोय, कारण माझ्यासारखे बरेच जण अजून एक्सेलमध्ये लेआउट काढत असतील.

मी तेच करायचो. रकाने अरुंद करून चौकोन रंगवायचे, एक चौकोन म्हणजे 10 मिमी. लोडचा हिशेब, केबलची साइज, व्होल्टेज ड्रॉप यांत एक्सेलने कधी दगा दिला नाही. पण एक एमसीबी (जादा प्रवाह आला की आपोआप पडणारा स्विच) वाढला की सगळे रंगवलेले चौकोन सरकवायचे आणि मटेरियल लिस्ट वेगळ्या शीटवर हाताने बदलायची. एकदा ते राहून गेलं. डीन रेल (एमसीबी बसवायची पट्टी) कापून झाल्यावर कळलं, शेवटचे दोन एमसीबी बसतच नाहीत.

कोणतं सॉफ्टवेअर चांगलं, हे तुम्ही सांगितलंच नाहीत. विचारलंत, "तुला उत्तर आकड्यात हवंय की जागेत?" मग व्हिजिओत एक साधा आयत काढून त्याची शेपशीट उघडलीत. प्रत्येक आकृतीमागे सूत्रांचा असा तक्ता असतो, हे मला ठाऊकच नव्हतं. तो आयत म्हणजे एमसीबी; रुंदीच्या खान्यात तुम्ही लिहिलंत: पोलची (एमसीबी तोडतो त्या तारांची) संख्या गुणिले 18 मिमी. एककासकट! एक्सेलच्या खान्यात '18 मिमी' टाइप केलं तर तो नुसता मजकूर होतो. इथे थ्री-पोल निवडला आणि आयत आपोआप 54 मिमीचा झाला. मी तो माउसने ताणला, तर सूत्र जाऊन कोरा आकडा उरला. तेव्हा न रागावता, सूत्र पुसलं जाऊ नये म्हणून त्याला 'गार्ड' लावायला शिकवलंत, ते मी विसरणार नाही.

हिशेब एक्सेलमधून हलवायचा नाही, ही तुमची ताकीद पाळतोय. मांडणी व्हिजिओत होते, आणि मटेरियल लिस्ट आकृत्यांत भरलेल्या माहितीवरून व्हिजिओच्याच शेप रिपोर्ट या सोयीने निघते. वायरमनदादा प्रिंट भिंतीला लावून काम करतात. डक्ट (वायरी न्यायची पन्हळ) कुठून न्यायची, हे विचारायला त्यांना आता जिना चढावा लागत नाही.

स्टेन्सिलची (तयार आकृत्यांच्या संचाची) फाइल सोबत पाठवतोय. टर्मिनलची (वायरी जोडायच्या ठोकळ्याची) रुंदी अजून हाताने भरावी लागते. सवडीने बघाल का?

आपला,
भोसरीचा विद्यार्थी