पिवळं फूल आलं, तेव्हाच कळलं : स्ट्रॉबेरीच्या बियांबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक आणि तक्रार निवारण अधिकारी

विषय : 'अल्पाइन स्ट्रॉबेरी येलो वंडर' आणि 'अल्पाइन स्ट्रॉबेरी अलेक्झांड्रिया' या दोन्ही पाकिटांत भलत्याच झाडाचं बी निघाल्याबाबत

महोदय,

आज सकाळी तुमच्या कस्टमर केअरशी माझं सातव्यांदा बोलणं झालं. २६ मिनिटांचा फोन, त्यातली १४ मिनिटं मी होल्डवर. फोन ठेवला आणि लगेच हे पत्र लिहायला घेतलं. यापुढे मी फोन करणार नाही. काय उत्तर द्यायचं ते लेखी द्या.

गेल्या ऑगस्टमध्ये मी तुमच्याकडून वरची दोन पाकिटं मागवली. प्रत्येकी ३२० रुपये, पाकिटात २५ बिया. त्या बियांतून जे उगवलं ती स्ट्रॉबेरी नाही. तिला पिवळी फुलं येतात, फळ गोल आणि लाल येतं, आणि त्या फळाला कसलीही चव नसते. शास्त्रीय नाव पोटेंटिला इंडिका. हिमालयात ती रस्त्याच्या कडेला आपोआप उगवते. तुम्ही बियाण्यांचा धंदा करता, तेव्हा हे झाड तुम्हाला ओळखता यायला हवं.

मी पाचगणीला राहते. माझ्या वडिलांची भिलारला ३० गुंठे स्ट्रॉबेरी होती. गादीवाफे, मल्चिंग, मदर प्लांटचे रनर (जमिनीवर पसरून नवं रोप धरणारे धुमारे) तोडणं, फळं निवडून पनेट (प्लास्टिकचे छोटे डबे) भरणं, हे सगळं मी शाळेत असल्यापासून केलेलं आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण आजच्या फोनवर याचा संबंध आला.

स्ट्रॉबेरीच्या गावात राहून बी कशाला मागवलं, हा प्रश्न तुमच्या माणसाने मला दोनदा विचारला. त्याचं उत्तर असं. आमच्याकडच्या रानांत आज विंटर डॉन, कॅमारोसा, नाबिला अशा जाती आहेत. शेतकऱ्याला फळ पनेटमध्ये भरून वाशीच्या मार्केटपर्यंत पोचवायचं असतं, म्हणून तो टणक आणि टिकणारी जात लावतो. त्यात त्याचं काहीच चुकत नाही, आमच्याही घरी तेच होतं. पण माझी आई ८१ वर्षांची आहे. तिचे वडील पाचगणीच्या एका बंगल्यावर माळी होते. तिथल्या वाफ्यात नखाएवढी स्ट्रॉबेरी लागायची आणि एक फळ खिशात ठेवलं तर परकराला दिवसभर वास यायचा, असं ती अजून सांगते. ती चव आमच्या गच्चीवर चार कुंड्यांत का होईना, परत यावी, एवढीच माझी इच्छा होती.

त्यासाठी मी दोन वर्षं शोधत होते. फ्रान्समध्ये मारा दे बुआ नावाची जात आहे, मोठ्या फळाची, पण वास रानातल्या स्ट्रॉबेरीचा. तिची खात्रीची रोपं मला इथे कुठेच मिळाली नाहीत, आणि बी लावून उपयोग नाही, कारण मोठ्या फळाची स्ट्रॉबेरी संकरित असते, बियांतून जशीच्या तशी येत नाही. इटलीत तोर्तोनाची प्रोफुमाता आहे, कस्तुरी स्ट्रॉबेरीतली. तिची नर आणि मादी झाडं वेगळी असतात, म्हणजे दोन्ही आणायला हवीत. वाईच्या नर्सरीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, असल्या जातीला गिऱ्हाईक नाही, मी ठेवून काय करू?" निदान तो खरं बोलला. राहिली अल्पाइन, म्हणजे रानातल्या स्ट्रॉबेरीचाच छोट्या फळाचा, बागेत लावायचा प्रकार. ती बियांतून आईसारखीच येते, वर्षातले बरेच महिने थोडी थोडी फळत राहते, आणि तिच्यातली येलो वंडर फिकट पिवळी असते. बुलबुल लाल फळावर तुटून पडतात आणि पिवळं त्यांना पिकलेलं वाटत नाही, असं वाचलं होतं. आमच्या गच्चीवर बुलबुलांचा फार त्रास. म्हणून लाल आणि पिवळी अशी दोन्ही पाकिटं घेतली.

बिया तीन आठवडे फ्रिजमध्ये ठेवल्या. पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरच्या अखेरीस ट्रेमध्ये ओल्या कोकोपीटवर (नारळाच्या भुशावर) नुसत्या पसरल्या, वर माती घातली नाही, कारण या बीला उगवायला उजेड लागतो. रोज सकाळी फवाऱ्याने पाणी. ५० पैकी ३१ उगवल्या. दातकोरणीने एकेक रोप वेगळं करून आधी कपात, मग कुंडीत लावलं. आई खुर्ची टाकून शेजारी बसायची आणि पानं मोजायची.

जानेवारीत रोपांनी रनर सोडले, आणि माझ्या मनात शंका आली. बागेत लावायच्या अल्पाइन जातींना रनर येत नाहीत. तुमच्याच पाकिटावर मागे 'रनर न येणारी जात' असं छापलेलं आहे. मी पहिला फोन तेव्हा केला. उत्तर मिळालं, "रनर आले म्हणजे रोप हेल्दी आहे, मॅडम."

फेब्रुवारीच्या शेवटी पहिली कळी उमलली. पिवळी. पाच पाकळ्या, हळदीच्या रंगाच्या, आणि त्यांच्या खाली पाकळ्यांपेक्षा रुंद हिरवी पानं, प्रत्येकाच्या टोकाला तीन दाते. मी कुंडी हातात घेऊन कितीतरी वेळ तशीच उभी होते. अल्पाइनचं फूल पांढरं असतं. येलो वंडरचंही पांढरंच असतं. ३१ कुंड्यांपैकी जितक्या फुलल्या त्या सगळ्या पिवळ्या फुलल्या, दोन्ही पाकिटांतल्या. तरीही मी थांबले, कारण आई थांबली होती. मार्चमध्ये फळ आलं. खाली लोंबलं नाही, देठावर वर तोंड करून उभं राहिलं. सालीवर लाल दाणे मण्यांसारखे उठून आलेले. आधी मी खाल्लं. आत पांढरा भुसभुशीत गर, ना वास, ना गोडी, ना आंबटपणा. आईने हट्टाने एक तोंडात घातलं, चावलं, आणि एवढंच म्हणाली, "हिच्यापेक्षा काकडी बरी." त्यानंतर तिने कुंड्यांचा विषय काढलेला नाही.

आता आजच्या फोनबद्दल. हे संभाषण तुमच्याकडे रेकॉर्ड झालेलं असणार, ते स्वतः ऐका.

तुमचा माणूस म्हणाला, "मॅडम, जर्मिनेशन झालं ना? मग प्रॉब्लेम काय आहे?"

मी म्हटलं, "झालं, पण दुसऱ्याच झाडाचं झालं. फुलं पिवळी आली आहेत."

थोडा वेळ कीबोर्डचा आवाज. मग तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही येलो वंडर ऑर्डर केलंय. येलो आहे म्हटल्यावर फूल येलोच येणार."

मी सांगितलं की नावातला पिवळा रंग फळाचा आहे, फुलाचा नाही. फूल पांढरं यायला हवं होतं आणि फळ पिवळं. माझ्याकडे उलटं झालंय, फूल पिवळं आणि फळ लाल.

"म्हणजे रेड पण आलं आणि येलो पण आलं. तुम्ही दोन्ही ऑर्डर केले होते ना? दोन्ही मिळाले."

मी वरिष्ठांना फोन द्यायला सांगितलं. १४ मिनिटांनी एक बाई आल्या. त्यांना पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, जानेवारीपासूनचं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरात झाडांचं तुम्ही एकट्याच बघता का? एखाद्या जाणकाराला दाखवून घ्या ना, कधी कधी आपल्याला ओळखता येत नाही."

मी स्ट्रॉबेरीच्या रानात वाढले. माझ्या घराच्या मागच्या दारातून स्ट्रॉबेरीचे वाफे दिसतात. वडील गेले त्या वर्षी लावणी मी उभी राहून करून घेतली. आणि स्ट्रॉबेरीचं फूल कोणत्या रंगाचं असतं हे मला जाणकाराला विचारायला सांगता? या बाईंनी तरी स्ट्रॉबेरीचं फूल कधी पाहिलंय का? तुमच्या अख्ख्या ऑफिसात कुणी पाहिलंय का? सहा फोटो मी तीन वेळा मेलवर पाठवले. त्यातला एकही कुणी उघडून बघितलेला नाही, हे त्यांच्या बोलण्यावरून स्वच्छ कळत होतं.

शेवटी त्या म्हणाल्या, "नाराज होऊ नका, आम्ही तुम्हाला कॉम्प्लिमेंटरी ब्लू स्ट्रॉबेरीचं पाकीट पाठवतो."

निळी स्ट्रॉबेरी नावाची कुठलीही जात अस्तित्वात नाही. तो फोटो रंगवलेला असतो. मला फसवल्याची तक्रार मी करते आहे, आणि भरपाई म्हणून तुम्ही मला दुसरी फसवणूक पाठवता, तीही फुकट म्हणून.

आमच्याकडे नावाला काय किंमत आहे ते सांगते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतर दुसरीकडचा माल महाबळेश्वरचा म्हणून विकला तर इथला शेतकरी भांडायला उठतो. घरच्या बागेत तर नावच सगळं असतं. बी हातात घेऊन चव कळत नाही, सहा महिने राबल्यावर कळते, तोवर गिऱ्हाईक फक्त पाकिटावरच्या नावावर विश्वास ठेवून पाणी घालत असतं. अँत्वान निकोला ड्युशेन या फ्रेंच माणसाने १७६६ साली स्ट्रॉबेरीच्या जाती निगुतीने वेगळ्या करून त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. तुम्ही मला पाठवलेल्या या झाडाला पुढे त्याच्याच नावावरून ड्युशेनिया म्हणत असत. अडीचशे वर्षांपूर्वी एकाने जे निस्तरून ठेवलं, ते तुम्ही ३२० रुपयांच्या पाकिटात पुन्हा एकत्र केलंत.

सहा वर्षं मी तुमची गिऱ्हाईक आहे. तुमचा घेवडा, तुमचा चेरी टोमॅटो, तुमची पालेभाजीची पाकिटं कधी फसली नाहीत. माझ्या सांगण्यावरून शेजारच्या चौघी जणी तुमच्याकडून बी मागवायला लागल्या. त्यांना आता मी काय सांगू? राग आहेच, पण त्याहून जास्त वाईट वाटतं. तुमच्यावर माझा विश्वास होता.

मला हवं आहे ते असं. ६४० रुपये आणि कुरिअरचा खर्च परत करा. पाकिटांवरचा लॉट क्रमांक सोबतच्या फोटोत आहे, ते बी तुम्ही कुठून घेतलं आणि पाकिटात भरण्याआधी कुणी लावून पाहिलं होतं का, हे लेखी कळवा. त्याच लॉटची पाकिटं ज्यांना गेली त्या प्रत्येकाला कळवा, कारण हे झाड रनरने पसरतं, कुंडीत ठीक आहे पण एकदा जमिनीत गेलं तर उपटून उपटून माणूस थकतो. आणि निळ्या स्ट्रॉबेरीची विक्री आजच्या आज बंद करा.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि निवारण एका महिन्यात करावं लागतं. माझी पहिली लेखी तक्रार मार्चच्या पहिल्या आठवड्यातली आहे, तिची पोचसुद्धा आलेली नाही. हे पत्र पोचल्यापासून १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर मी साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करणार. २०१९ च्या कायद्याने मला राहत्या जिल्ह्यातच ती करता येते आणि एवढ्या रकमेला फीही लागत नाही. एक कुंडी, फुलासकट आणि तुमच्या लेबलासकट, मी पुरावा म्हणून राखून ठेवली आहे. बाकीच्या ३० आज संध्याकाळी उपटणार आहे. नव्या हंगामासाठी अल्पाइनचं खरं बी मी दुसरीकडे शोधते आहे, कारण सप्टेंबरच्या आत ते मिळालं नाही तर आईचं अजून एक वर्ष जाईल.

फुलं पिवळी आली आहेत, महोदय. निदान या वेळी फोटो उघडून बघा.

आपली ग्राहक,
पाचगणी, ता. महाबळेश्वर, जि. सातारा

सोबत : ऑर्डरची पावती, दोन्ही पाकिटांच्या दोन्ही बाजूंचे फोटो, रनर, फूल आणि कापलेल्या फळाचे सहा फोटो (चौथ्यांदा).