सुमे, तुझंच खरं होतं

प्रिय सुमे,

चार महिने तुझा फोन उचलला नाही, राग मानू नकोस. आई बरी आहे, गुडघे दुखतात तेवढंच.

मंगळवारी पार्लरमध्ये पिंकीला शॉक बसला गं. हेअर वॉश करून ओल्या हातानेच हेअर स्टीमरचा स्टँड सरकवायला गेली आणि हात चिकटूनच राहिला, तोंडातून आवाज नाही. मी तिला हात न लावता आधी मेन पाडला, क्लासमधला तो एक धडा डोक्यात राहिलेला. सुटली तशी मटकन खाली बसली. ईसीजी नॉर्मल आलाय, तळहातावर रुपयाएवढा डाग आहे.

वायरमनने स्टीमरची थ्री-पिन उघडली तर हिरवी वायर कापून मागे दुमडलेली, वर टेप!! म्हणजे अर्थिंगच नाही. आत लीकेज झालं, करंट बॉडीवर आला, जमिनीत जायला वायर नाही म्हणून पिंकीतून गेला. मी विचारलं एमसीबी का नाही पडला, तर म्हणाला ताई, १६ अँपियरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणूस मरायला त्याच्या शंभराव्या हिश्शाहून कमी करंट पुरतो. त्याला आरसीसीबी लागतो, गेलेला आणि परत आलेला करंट यात ३० मिलीअँपियरचा फरक पडला की तो लगेच पडतो. आता बसवलाय. ड्रायर पण एक्स्टेंशनवरून काढले, २००० वॅटचा एक ड्रायर जवळजवळ ९ अँपियर खेचतो आणि तो बोर्ड ६ चा.

पण सुमे, आठवडाभर आधीपासून त्या स्टँडला हात लावला की मला मुंग्या यायच्या. कोरड्या हाताला. चप्पल घालून काम रेटलं, लग्नसराई आहे म्हणून गप्प बसले. आठवतं, क्लासला तू तुटक्या अर्थ-पिनचा वॅक्स हीटर लावायला नाही म्हणालीस आणि मी सगळ्यांसमोर तुला भित्री म्हटलं? आठ दिवस माझ्या डब्यातली भाजी घेतली नव्हतीस, भरली वांगी असूनही! तेव्हा मॅडमपण माझ्याच बाजूने बोलल्या, ते तर मला अजून टोचतं.

काल पिंकीची आई येऊन माझे हात धरून रडली, म्हणे ताई तुमच्यामुळे पोरगी वाचली. मला तोंड वर करवेना.

तुझं घराचं झालं का? छोट्याला दात आले असतील.

पिंकी सोमवारी कामावर येतेय. त्याआधी तिच्या घरी जाऊन मुंग्यांचं सांगणार आहे. शनिवारी रात्री नऊनंतर फोन कर, नक्की कर.

तुझीच,
मंगी