आई, मुलींना मुक्कामाला का ठेवते ते सांगते

नाशिक, 9 जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा तू फोनवर विचारलंस, "लोकांच्या पोरी नेतेस आणि मासेमारांच्या घरी मुक्कामाला ठेवतेस, तुला भीती नाही वाटत?" मी तेव्हा बसमध्ये होते, नीट बोलता आलं नाही. बाबांना तर फोनवर माझं निम्मं ऐकूच जात नाही. म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षीची एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती. लाज वाटत होती. सायखेड्याच्या पुढे गोदावरीतल्या पाणवेली, म्हणजे जलपर्णी, काढायला आम्ही चाळीस स्वयंसेवक गेलो होतो. त्याआधी नाशकात एका हॉलमध्ये दोन तासांचं प्रशिक्षण झालं, हातमोजे वाटले, झाली तयारी. पाण्यात उतरून विळे-दाताळ्यांनी वेली ओढायला लागलो तर त्यांच्याबरोबर एक जाळं आलं. जुनं, टाकून दिलेलं असेल असं समजून पोरांनी ते विळ्यानं कापलं आणि ढिगावर फेकलं. ते आदल्या संध्याकाळीच लावलेलं होतं.

दुपारी त्या घरच्या मावशी काठावर आल्या. भांडल्या नाहीत. ढिगापाशी उकिडव्या बसल्या, चिखलातून जाळ्याचे तुकडे काढले, एकेक हातावर पसरून पाहिला आणि धड राहिलेला भाग ओच्यात घेऊन निघाल्या. आम्ही पैसे भरून दिले. त्या एवढंच म्हणाल्या, "जाळं येईल गं नवं. आजचं पाणी गेलं ना." मी रात्रभर जागी होते. आम्ही नदीचं भलं करायला गेलो होतो आणि नदीवर जगणाऱ्या माणसाच्याच ताटातलं ओढून आलो होतो.

त्या मावशींच्याच ओसरीवर यंदाचं ठरलं. आता कोणीही स्वयंसेवक आधी तीन रात्री भोयांच्या किंवा कोळ्यांच्या घरी राहतो, मगच पाण्याला हात लावतो. दोन मुली एकत्र, आणि ज्या घरात बाईमाणूस आहे तिथेच. प्रत्येक घर मी स्वतः जाऊन पाहिलंय, अगदी संडासाला कडी आहे की नाही इथपर्यंत. मुक्कामाचे पैसे घरच्या बाईच्या हातात, पहिल्याच दिवशी. यात कोणी कुणावर उपकार करत नाही.

जेवणाचंही तू विचारलंस. आमच्यातली एक मुलगी माळकरी आहे, तुझ्यासारखीच. पहिल्या संध्याकाळी ती संकोचून कोपऱ्यात बसली होती. मावशींनी चूल पेटवली आणि म्हणाल्या, "आधी तुझं वरण होऊ दे, मग आमचं कालवण." तिच्यासाठी पातेलं वेगळं, पळी वेगळी. दुसऱ्या दिवशी ती मावशींच्या मांडीला मांडी लावून बसली आणि जाळ्याचे फाटलेले आस, म्हणजे विणीतली भोकं, सांधायला शिकली. बांबूची सुई, नायलॉनचा दोरा. बाबा, ती गाठ पाहून मला तुम्ही बाज विणायचात ते आठवलं. दोरा दातात धरायची लकबही अगदी तीच.

चार वाजता सगळं घर उठतं. या थंडीत, निफाडकडची थंडी तुम्हाला माहीतच आहे, त्या घरचे काका होडीत बसतात आणि मुलं काठावर बॅटरी घेऊन उभी राहतात. तेव्हाच त्यांना कळलं की वेलींच्या कडेला बांबू रोवलेला दिसला तर खाली जाळं आहे. आणि पहाटे मासे तोंड वर काढून धापा का टाकतात तेही कळलं. वेलींनी पाणी वरून झाकलं की वरची हवा आत मिसळत नाही, उजेड न मिळाल्यानं खालचं शेवाळ प्राणवायू करत नाही. त्यात झडलेली पानं तळाशी कुजून होता तो प्राणवायूही खातात. पहाटेपर्यंत मासा गुदमरतो. हॉलमध्ये मी हेच फळ्यावर शिकवलं होतं, कोणाच्या लक्षात राहिलं नाही. काकांनी श्वासासाठी धापा टाकणारी एक चिलापी बोटानं दाखवली, चौदा जण गप्प झाले.

यंदा चौदाच आहेत. आमच्यातले काही म्हणतात, एवढ्यांनी काय होणार? मला चौदा पुरतात. काकांनी त्यांना शिकवलंय की वेल तोडून तुकडे पाण्यात सोडले तर प्रत्येक तुकडा पुन्हा वाढतो. ती मुळासकट काढायची, पुराचं पाणी जिथे पोचत नाही तिथे नेऊन उलटी वाळत घालायची. गेल्या वर्षी आमच्या चाळिसांनी काठालाच ढीग लावले होते, पहिल्या पावसात निम्मे परत नदीत गेले.

हे काम टाळून चालणार नाही. गोदावरीवरचा नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा 1907 ते 1913 मध्ये बांधला, त्याच्या फुगवट्यात पाणी संथ होतं आणि वरून आपल्या नाशिकचं सांडपाणी येतं. वेलीला आणखी काय हवं? त्याच पाणथळीला 2019 मध्ये रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, महाराष्ट्रात पहिला. पक्षी पाहायला गर्दी होते, चांगलंच आहे. पण 2016 आणि 2019 च्या पुरात सायखेडा-चांदोरीत पाणी शिरलं ते बाबांनी टीव्हीवर पाहिलंय. अशा वेळी वेलींचे लोंढे पुलाला अडकतात आणि पाण्याला वाट राहत नाही. पावसाआधी त्या निघायलाच हव्यात, आणि कुणाचं जाळं न कापता निघायला हव्यात.

आई, भीती वाटते का, तर हो, वाटते. रात्री दोनदा उठून फोन बघते. पण ज्या घरात माझ्या पोरी झोपतात तिथली बाई दाराशी आडवी होते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता काम सांगते. पुढची तुकडी 22 तारखेला जाणार आहे आणि पांघरुणं कमी पडतात. माळ्यावरच्या ट्रंकेत तुझ्या हातच्या गोधड्या आहेत, त्यातल्या सहा-सात उन्हात टाकून ठेव. त्यातली आजीच्या नऊवारीची मात्र नको. रविवारी सकाळच्या गाडीनं सिन्नरला येते आणि घेऊन जाते. बाबा, तुम्हाला जमत असेल तर एक दिवस माझ्याबरोबर चला. काकांना सांगितलंय मी तुमच्या गाठीबद्दल, त्यांना ती बघायची आहे. गुडघा दुखत असेल तर राहू द्या, मी दोरा घेऊन येईन, मला घरीच शिकवा.

तुमची,
ताई